काचेवरचा पडदा

"लवूभाऊ असता तर एव्हाना दोन उखळं उतरली असती. ही बाई मिरची कांडतेय की मिरचीची पूजा करतेय, काही कळत नाही."

रांगेतल्या बाईचं हे बोलणं कांडपमशीनच्या, डंक्याच्या दणदणाटात शेजारणीलाही धड ऐकू गेलं नसेल. पण अनुपमाला कळलं. बहिऱ्या नवऱ्याबरोबर संसार केला की समोरच्याच्या ओठांकडे बघायची खोड लागते, आणि ती खोड गिऱ्हाइकांना माहीत नसते. मशीन चालू आहे तोवर काहीही बोलावं, असा त्यांचा समज.

"पूजाच करतेय, मावशी," ती ओरडून म्हणाली. "दक्षिणा ठेवा म्हणजे झालं."

बाई चपापली आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

घाटकोपरच्या भटवाडीत, चढावर, त्यांचा कांडपाचा गाळा. दोन लोखंडी मुसळं, पट्ट्यावर चालणारी, खाली लोखंडी उखळ. एप्रिल-मे हा मसाल्याचा सीझन. बायका घरून मिरच्या वाळवून, धणे-दगडफूल भाजून आणतात आणि रांग लावून बसतात. गाळ्यात पंखा लावायची सोय नाही, तिखट उडतं. अनुपमाने नाकावर ओला रुमाल बांधलेला, कोपरापर्यंत खोबरेल चोपडलेलं, तरी कातडी जळत होती. घाम डोळ्यात उतरला की तिखटासकट उतरायचा. मान वाकडी करून ती खांद्याला डोळा पुसायची.

तेवढ्यात मागच्या खोलीतून तिचा नवरा, लवू, बाहेर आला. आकाशी शर्ट, इस्त्री केलेला. केस ओले करून बसवलेले. गालावर बोट टेकवून त्याने ते किंचित फिरवलं, मग हाताने रस्ता दाखवला. म्हणजे, निघालो, तिच्याकडे.

'ती' म्हणजे दिशा. मुलुंडची. हसली की तिच्या गालाला खळी पडते, म्हणून तिची खूण ती. अनुपमाची खूण होती नथ, नाकाजवळ चिमूट धरायची. लग्नात तिची नथ सारखी निसटत होती ते बघून लवूने तीच खूण ठेवली. ती नथ कधीच मोडून झाली. खळी मात्र रोजची ताजी.

जेवलास का, तिने हाताने विचारलं. जेवलो. पाणी घेतलंस? घेतलं. आणि तो गेला. पाठमोरा शर्ट वळणापर्यंत दिसत राहिला.

"लवूभाऊ कुठे निघाले एवढे नटून?" मावशीने आता मोठ्याने विचारलं.

दारात सासू मिरच्यांची देठं खुडत बसली होती. "डाक्टराकडे," ती म्हणाली. "तळ्यार पाय घसारलेलो ना शिमग्याक. पाठीत धरलाहा."

"पवईच्या तलावात ना? अगो बाई, मगरी आहेत तिथे. उतरायचं कशाला?"

"हातपाय धुवूक," सासू म्हणाली आणि देठं जोरात खुडायला लागली.

हातपाय धुवायला उतरलेला माणूस चपला काठावर जोडीने ठेवतो, पण गाळ्याची किल्ली चपलेत का खोचून ठेवतो, हे कोणी विचारलं नव्हतं. ज्या वॉचमनने लवूला ओढून बाहेर काढलं त्याने चपला आणि किल्ली अनुपमाच्या हातात दिल्या होत्या. चपला तिने घरी आणून धुतल्या.

सरकारी इस्पितळात मानसिकच्या डॉक्टरने तिलाच विचारलं, "स्वतःहून गेले होते का?"

बँकेत, रेशनवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे तिलाच विचारायचे आणि लवूकडे बोट करायचे. आधी ती वळून त्याला खुणेने विचारायची. मग उत्तरं तिला पाठ झाली, वळायची गरज उरली नाही. त्या दिवशीही ती वळली नाही. "नाही हो. पाय घसरला," ती म्हणाली. लवू तिच्या ओठांकडे बघत होता. डॉक्टरने गोळ्या लिहिल्या. बाहेर रांग होती.

गोळ्यांनी लवूला गुंगी यायची. मुसळाखाली हात जायची भीती, म्हणून मशीन अनुपमाकडे आलं आणि लवूकडे चाळणी. मग श्रुतिकाने, त्यांच्या मुलीने, कॉलेजातल्या कोणाला तरी विचारून मुलुंडचं केंद्र शोधून काढलं. तिथे समुपदेशन करणारी बाई स्वतःच बहिरी होती.

"बहिरी?" अनुपमा म्हणाली होती. "मग ती ऐकणार काय, कपाळ?"

"मम्मी, तुला ऐकू येतं ना? तू काय ऐकलंस?" श्रुतिका म्हणाली. मग ती स्वतःच घाबरली आणि पिशव्या आवरायला लागली.

पहिल्या दिवशी अनुपमा सोबत गेली. बरी साडी नेसून, इस्पितळाचे कागद घेऊन, काय काय सांगायचं ते मनात जुळवून. टेबलावर सुयोग नावाचा मुलगा होता, ऐकू येणारा. त्याने लवूला आत पाठवलं आणि तिच्यासमोर खुर्ची सरकवली.

"तुम्ही बाहेर बसा, वहिनी."

"अहो पण त्यांना बोलता येत नाही."

"येतं की. मॅडमना पण येतं."

"मग मी कशाला आले?"

"सोबतीला," सुयोग म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला, म्हणून तर जास्त लागलं.

दाराला मधोमध काच होती. काचेतून तिला दिसलं, दिशा म्हणजे तिशीची पोर, कॉटनचा कुर्ता, हातात एक बांगडी नाही. तिने लवूला काहीतरी विचारलं. लवूचे हात मांडीवरून उठले. आधी चाचरत, मग भराभर. एवढे भरभर हात अनुपमाने फक्त त्याच्या मित्रासमोर, धाकूसमोर बघितले होते. दिशाची नजर काचेकडे गेली. ती उठली, अनुपमाकडे बघून हसली, खळी पडली, आणि तिने काचेवर पडदा ओढला.

"दार लावलंय ना?" अनुपमा सुयोगला म्हणाली. "वर पडदा कशाला?"

"दाराने आवाज अडतो, वहिनी. इथे हात झाकायला लागतात."

"बायकोपासून?"

"तुम्ही डॉक्टरकडे गेलात तर सासूबाईंना आत घेता का?"

ती कागदांची घडी घालत बसली. थोड्या वेळाने आतून आवाज आला. सुक्या नळाला पाणी येताना येतो तसा, खर्र करून. लवूचं हसू. ते कसं ऐकू येतं हे त्याला माहीत नव्हतं, तिला होतं. नवरा हसला म्हणून देवापुढे नारळ फोडायचा, तर ही घातलेली घडी मोडून परत नखाने करकचून दाबत बसली.

येताना बसमध्ये तिने विचारलं, काय बोललास? लवूने छातीवर हात ठेवला आणि मूठ मिटली. माझं आहे, म्हणजे.

धाकूबद्दलही तिने असंच मनाला लावून घेतलं होतं. धाकू लवूचा शाळेतला मित्र, बहिऱ्यांच्या शाळेतला. त्या शाळेत हाताने बोललं की हातावर पट्टी बसायची, म्हणून ही पोरं संडासामागे जाऊन बोलायची. पुढे धाकू विक्रोळीला गॅरेजात गाड्या रंगवायचा. दर रविवारी दोघं चहाच्या टपरीवर उभे राहून तासन् तास हात हलवायचे, चहा निवून जायचा. अनुपमा म्हणायची, "काय एवढं असतं बाई बोलायला?" गेल्या दिवाळीनंतर धाकू काविळीने गेला. लवू पोचवून आला, आंघोळ केली, जेवला. त्यानंतरचा रविवार तो घरीच होता. अनुपमाने घावणे केले, शेजारी बसून वाढले. आपला माणूस आपल्या ताटावर बसलाय, याचं तिला बरं वाटलं होतं. तिच्याजवळ खुणा होत्या: चहा, जेव, मिरची, गिऱ्हाईक, आई रागावली, झोप. एवढ्यात संसार झाला होता, आणि चांगला झाला होता, असं ती समजत होती.

आता लवू मुलुंडहून यायचा तो नवे हात घेऊन. म्हणजे शाळेतले जुनेच, पण घरात नवे. संध्याकाळी गाळ्यात गोणपाटावर मिरच्या ओतायच्या आणि देठं खुडायला बसायचं. श्रुतिका बापासमोर बसायची. एका हाताने खुडायची, दुसऱ्याने बोलायची. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून ती शिकत होती. चुकली की लवू तिचं बोट धरून वळवायचा. दोघं हसायची. मध्येच लवूचा हात थांबायचा, तो काहीतरी हळू करून दाखवायचा, आणि श्रुतिका गंभीर व्हायची.

"काय म्हणाले?" अनुपमा विचारायची.

"काही नाही. आमचं चाललंय."

"आमचं म्हणजे? मी काय भाडेकरू आहे?"

"मम्मी, शीक ना मग. सोपं आहे."

"मला नको शिकवू. तुझ्या जन्माआधीपासून मी बोलतेय त्यांच्याशी. इतकी वर्षं काय मी मुकी होते?"

"मुकी? तू?" सासू काउंटरवरून म्हणाली. "देवा म्हाराजा."

श्रुतिकाला हसू फुटलं. लवूने मान वर करून तिघींकडे बघितलं, काय झालं म्हणून. अनुपमाने हात झटकला. काही नाही. हे तिचं हात झटकणं त्याने किती वेळा बघितलं असेल. तो परत देठं खुडायला लागला.

मे उजाडला तशी रांग चढाखालपर्यंत गेली. गावी जाणाऱ्यांना मसाला गाडीच्या आधी हवा. अनुपमाचे दंड दुखून रात्री वर होत नव्हते. मुसळाचा दणका पायातून कंबरेत बसला होता. आणि अशात शनिवार आला की नवरा इस्त्रीचा शर्ट घालून खळीकडे.

केंद्राचे मेसेज तिच्याच फोनवर यायचे. लवूचा फोन त्याच्याबरोबर पाण्यात गेला होता आणि नवा सीझननंतर घ्यायचा ठरला होता. बुधवारी मेसेज आला, शनिवारी येणार का, कळवा. तिने तिखटाची बोटं पदराला पुसली आणि लिहिलं, जमणार नाही.

सुयोगचा फोन आला. "वहिनी, नक्की ना? वेटिंगला विरारच्या एक बाई आहेत. त्यांना देतो मग. तुमचा नंबर पुढे लांबेल, पाऊस लागेल."

"द्या त्यांना," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने लवूला सांगितलं. गालावर बोट फिरवलं. ही खूण तिने पहिल्यांदाच केली आणि ती बरोबर जमली याचाही तिला राग आला. मग कपाळाला हात लावून ताप दाखवला. शनिवार, नाही.

लवूचा चेहरा बदलला. किती ताप? डॉक्टरकडे गेली का? घरी कोण आहे तिच्या? तो विचारतच राहिला. अनुपमाला गेल्या महिन्यात ताप होता तेव्हा त्याने गोळी आणि पाणी आणून ठेवलं होतं, विचारलं काही नव्हतं. मला काय माहीत, म्हणून ती उठली.

शनिवारी लवू गाळ्यात होता. दुपारपर्यंत चाळणी धरून बसला, शिंकत, डोळे पुसत. जेवणं झाली. सासू कलंडली. अनुपमाने मशीन लावलं, एक उखळ उतरवलं, चाळायला वळली तर चाळणीपाशी कोणी नाही.

मागच्या खोलीत नाही. मोरीत नाही. तिने मशीन बंद केलं. सगळा चढ एकदम शांत झाला. सासू त्या शांततेने उठून बसली.

"खंय गेलो?"

"इथेच असतील."

"मारुतीच्या देवळात बघ. शनवार हा."

श्रुतिका पळत जाऊन आली. "देवळात नाहीत. विक्रोळीला गेले असतील, धाकूकाकांच्या घरी?"

"केस कापूक गेलो आसात," सासू म्हणाली.

"हो. केस वाढलेच होते," अनुपमा म्हणाली.

तिघी एकमेकींकडे न बघता बोलत होत्या. मघाशी उतरलेल्या मसाल्यावर कोणीतरी फडकं टाकलं. शेजारचा हर्षद रिक्षा घेऊन आला. "बसा वहिनी. कुठे घेऊ?"

"सरळ घ्या," ती म्हणाली. नाकावरचा रुमाल तसाच होता, पायात गाळ्यातल्या रबरी चपला. श्रुतिका तिच्या शेजारी बसली. मोठ्या रस्त्याला लागून विक्रोळी गेली. धाकूच्या गॅरेजपाशी हर्षदने वेग कमी केला. बंद शटर, समोर कुत्रं झोपलेलं. गांधीनगरचा सिग्नल आला. डावीकडे पवई, सरळ मुलुंड. हर्षद चढावरचाच, त्याला सगळं ठाऊक. त्याने मागे न बघता विचारलं, "डावीकडे घेऊ?"

श्रुतिकाने अनुपमाचं मनगट धरलं, त्यावर तेल आणि तिखट होतं. सिग्नल सुटला. मागून हॉर्न. आणि फोन वाजला.

"वहिनी, लवू सर इथे आलेत," सुयोग म्हणाला. "दोन शहाळी घेऊन. मॅडमना ताप आहे म्हणतात. मॅडम तर आत आहेत, विरारच्या बाईंबरोबर. काय भानगड आहे?"

"सरळ," अनुपमा हर्षदला म्हणाली आणि रुमालात तोंड घालून रडली. भांडुप येईपर्यंत रडणं थांबलं आणि त्या जागी दुसरंच आलं. ह्यांनी शहाळी घेतली. दोन.

लवू बाकावर बसला होता. अंगावर गाळ्यातलाच बनियन-शर्ट, लाल झालेला. शहाळी मांडीवर. तिला बघून तो उठला नाही. काचेवरचा पडदा बाजूला झाला, विरारची बाई डोळे पुसत बाहेर आली, मागे दिशा. धडधाकट. लवूने दिशाकडे बघितलं, मग अनुपमाकडे. गालावर बोट फिरवलं, कपाळाला हात लावला. ताप? मग बोट तिच्याकडे वळवलं. तू?

सुयोग होता, श्रुतिका होती. कोणाकडून तरी काहीतरी बरं सांगून घेता आलं असतं. अनुपमाने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मी.

लवूने उठून एक शहाळं दिशाच्या हातात दिलं. दुसरं त्या विरारच्या बाईला दिलं. हात शर्टला पुसले आणि तो जिना उतरायला लागला. श्रुतिका त्याच्या मागे.

"रद्द मी केलं," अनुपमा सुयोगला म्हणाली. "त्यांनी नाही. मग त्यांचा नंबर का जातो?"

"शिक्षा नाही ती, वहिनी. हे काम करणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी आहेत. पार पालघरहून येतात लोक."

दिशाने सुयोगला काहीतरी विचारलं. त्यांचे हात चालले. अनुपमा बघत राहिली, काही कळेना, मान इकडून तिकडे वळवायची तेवढी.

"मॅडम म्हणतात, मधल्या काळात सकाळी लवकर फोनवर बोलता येईल, व्हिडिओवर," सुयोग म्हणाला. "पण खोली हवी. कोणी बघायला नको. आहे का तुमच्याकडे?"

त्यांच्याकडे एक खोली होती, त्यात चौघं.

"गाळा आहे," अनुपमा म्हणाली. "शटर ओढते. मी बाहेर बसेन." मग तिला राहवलं नाही. "शटरला काच नाही, सांगा तिला. पडद्याचा खर्च वाचला."

सुयोगने ते सांगितलं. दिशाने तोंडावर हात घेतला, पण खळी दिसलीच.

रिक्षात लवू हर्षदच्या शेजारी, कडेला बसला. मागे वळला नाही. भटवाडीला उतरले तेव्हा उन्हं कलली होती, रांग पांगली होती. सासू उंबऱ्यात उभी होती. लवू दिसला तशी ती सुटली.

"खंय गेल्लस रे? सांगान जाऊक नको? ह्या म्हातारीक मारतलस काय? पुन्हा पाय घसारलो आसतो म्हणजे?" बोलता बोलता तिने त्याच्या दंडावर चापट्या मारल्या आणि तोच दंड धरून ठेवला.

लवू आईच्या तोंडाकडे बघत होता. दात नसलेलं तोंड, त्याला तिचे ओठ कधीच नीट वाचता आले नव्हते. सवयीने तो अनुपमाकडे वळला. काय म्हणते?

आई रागावली, जेव. एवढं तिने आजवर हजारदा सांगितलं असेल. तिचा हात तेवढ्यासाठी उठलाही. मग तिने तो खाली घेतला आणि होतं तसं सांगितलं. आई. घाबरली. तळं. पाय, घसरला. परत घसरेल.

लवूने मान हलवली. नाही.

त्याने आईचा हात दंडावरून सोडवला. तो अनुपमासमोर उभा राहिला आणि हळू, एकेक करून, घरातल्याच खुणांनी बोलला, तिला कळाव्यात म्हणून. छातीवर बोट. तळं. दोन बोटांनी चालणारे पाय, सरळ, कुठेही न घसरता. मग तळवा उताणा करून त्याने डोळे मिटले. धाकू गेल्याचं घरात त्याने असंच सांगितलं होतं. डोळे उघडून त्याने बोट परत स्वतःच्या छातीवर ठेवलं.

"काय म्हणता तो?" सासूने विचारलं.

श्रुतिकाने तोंड उघडलं. अनुपमाने तिला हाताने थांबवलं.

"गो, काय म्हणता माझो झील?"

काही नाही, भूक लागलीय म्हणतायत. हे तिच्या जिभेवर आलंच होतं. लवू तिच्या ओठांकडे बघत होता. तिने नाकावरचा रुमाल गळ्यात ओढला, त्याला दिसेल असं तोंड त्याच्याकडे ठेवलं आणि बोलली.

"आई, ते म्हणतायत, मी तळ्यावर मरायला गेलो होतो."